शून्य म्हणजे सापडलं की नाही?

सी भाषेतून रेगेक्स (मजकुरात शोधायचे नमुने लिहिण्याची भाषा) चालवताना पहिला चकवा शून्याचा असतो. युनिक्सच्या पॉझिक्स मानकातल्या रेगएक्झेकने शून्य परत दिलं, तर पॅटर्न सापडला. पर्लच्या धाटणीच्या पीसीआरई२ या लायब्ररीच्या मॅच फंक्शनने शून्य दिलं, तरीही पॅटर्न सापडलाच. फक्त कंसातले तुकडे नोंदवायला आपण दिलेली जागा कमी पडली. उणे एक आलं, तर सापडला नाही. उणे तीन आलं, तर शोधायला सुरुवातच झाली नाही, कारण मजकूरच मोडका होता. आता हा परतीचा आकडा घाईघाईत थेट इफच्या कंसात बसवून बघा. पॉझिक्समध्ये सापडलेलं सगळं ‘नाही’ ठरतं आणि पीसीआरई२ मध्ये न सापडलेलं सगळं ‘हो’ ठरतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही. का काढावा? इंटच्या जागी इंटच तर आहे.

पायथन किंवा पर्लमध्ये रेगेक्स लिहिणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत. तिथे पॅटर्न जमला की काम जमलं. सीमध्ये पॅटर्न म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे बाइट मोजणं, जागा मागणं, ती परत करणं आणि लायब्ररीने हातात ठेवलेले आकडे नीट वाचणं. पॅटर्न बरोबर पण वाचन चूक, हा इथला नेहमीचा आजार. इंग्रजी मजकुरात तो वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. मराठी मजकूर आला की पहिल्याच ओळीत उघडा पडतो. (फंक्शनांची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत; हेडरमध्ये ती कुठे सापडतील हे सी लिहिणाऱ्याला सांगायला नको.)

‘पॅटर्न कंपाइल करणं’ हा शब्दप्रयोग मुळात शब्दशः खरा होता. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये छापलेली शोधाची रीत पॅटर्नचं सरळ आयबीएम ७०९४ च्या मशीन कोडात रूपांतर करायची. हेन्री स्पेन्सर यांनी सीमध्ये लिहिलेली लायब्ररी १९८६ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि पर्लचं सुरुवातीचं इंजिन तिच्यावरूनच बेतलं गेलं. १९९२ च्या पॉझिक्स मानकात रेगकॉम्प, रेगएक्झेक, रेगएरर आणि रेगफ्री ही चौकडी आली. केंब्रिज विद्यापीठात एक्झिम हा मेल सर्व्हर लिहिणाऱ्या फिलिप हेझल यांना पर्लसारखे पॅटर्न सीमधून हवे होते, म्हणून १९९७ मध्ये पीसीआरई जन्माला आली. २०१५ मध्ये तिचा इंटरफेस नव्याने बांधून पीसीआरई२ काढली. जुन्या शाखेची शेवटची आवृत्ती ८.४५, साल २०२१. नवं काम सुरू करताना जुनीकडे वळायचं काही कारण उरलेलं नाही. तरी एक फसगत होतेच: डेबियन लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत ‘लिबपीसीआरई३’ या नावाचं पॅकेज म्हणजे ती जुनी पहिली पीसीआरई. दोनपेक्षा तीन मोठे म्हणून तेच उचलून बसवणारे पुष्कळ. आपल्याला हवं ते ‘लिबपीसीआरई२’.

या दोन घराण्यांत फक्त फंक्शनांच्या नावांचा फरक नाही. ‘राम|रामराव’ हा पॅटर्न ‘रामराव’ या मजकुरावर चालवा. पॉझिक्स सगळ्यात डावीकडून सुरू होणारी आणि त्यातली सगळ्यात लांब जुळणी देतं, म्हणून ‘रामराव’ मिळतं. पीसीआरई पर्यायांची रांग लिहिलेल्या क्रमाने तपासते आणि पहिला जमला की थांबते, म्हणून ‘राम’ मिळतं. एका लायब्ररीवरून दुसरीवर जाताना पॅटर्न जसेच्या तसे उचलले तर एरर येत नाही, उत्तरं तेवढी बदलतात.

पॉझिक्सचा फायदा एवढाच की ते सी लायब्ररीतच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. कॉन्फिग फाइलच्या ओळी तपासायच्या असतील तर तेवढं पुरतं. त्याचे खड्डे मात्र ठरलेले आहेत. रेगकॉम्पला ‘रेग_एक्स्टेंडेड’ हा फ्लॅग द्यायला विसरलात, तर जुनी मूळ बोली लागू होते. तिच्यात अधिक हे नुसतं अधिकाचं चिन्ह आणि कंस हा नुसता कंस. पॅटर्न बिनतक्रार कंपाइल होतो आणि कधीच जुळत नाही. दुसरा खड्डा: मेनच्या सुरुवातीला सेटलोकेल रिकाम्या स्ट्रिंगने बोलावलं नाही, तर प्रोग्राम ‘सी’ लोकेलमध्येच राहतो. मग टिंब (रेगेक्समध्ये ‘कोणतंही एक चिन्ह’) म्हणजे एक बाइट, आणि नुसत्या ‘क’ साठी तीन टिंबं लागतात. तिसरा: रेगएक्झेक लांबी विचारत नाही, शून्य बाइट आला की त्याच्यासाठी मजकूर संपला. बायनरी मिसळलेला डेटा असेल तर तिथेच थांबा. बीएसडीत आणि ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीत ‘रेग_स्टार्टएंड’ ही पळवाट आहे, पण ती मानकात नाही. एररचा मजकूर मिळवायची रीत मात्र छान आहे: रेगएररला आधी शून्य आकाराचा बफर द्या, किती जागा लागेल ते तो सांगतो, मग तेवढी मागून पुन्हा बोलवा.

लायब्ररीपर्यंत पोचण्याआधी पॅटर्नला सीच्या अवतरणचिन्हांतून जावं लागतं आणि तिथे त्याचं पहिलं रूपांतर होतं. रेगेक्समधला एक बॅकस्लॅश सीच्या स्ट्रिंगमध्ये दोन होतो. मजकुरातला खराखुरा बॅकस्लॅश शोधायचा तर चार. एकच देऊन बॅकस्लॅश-डी (कोणताही अंक) लिहिलं, तर जीसीसी हा कंपायलर निदान ‘असा एस्केप ओळखत नाही’ म्हणून वॉर्निंग देतो. शब्दाच्या कडेसाठीचं बॅकस्लॅश-बी मात्र घातकी आहे, कारण सीमध्ये तो वैध एस्केप आहे: बॅकस्पेस, बाइट क्रमांक ८. वॉर्निंग नाही, एरर नाही. लायब्ररी इमानदारीत मजकुरात बॅकस्पेस शोधत बसते.

याहून जुनं भूत म्हणजे ट्रायग्राफ. दोन प्रश्नचिन्हं आणि बंद कंस, ‘??)’, ही त्रयी जुन्या सीमध्ये चौकोनी बंद कंस होते. ‘(क??)’ हा आळशी पर्यायाचा साधा पॅटर्न काटेकोर सी९९ किंवा सी११ मोडमध्ये कंपाइल केला, की लायब्ररीच्या हाती ‘(क]’ पडतं आणि ती म्हणते बंद कंस राहिला. समोर पॅटर्नमध्ये कंस ढळढळीत दिसत असतो. जीसीसीच्या नेहमीच्या ग्नू मोडमध्ये ट्रायग्राफ बंद असतात आणि सी२३ ने ते काढूनच टाकले. पण जुन्या मेकफाइलमध्ये काटेकोर मोडचा फ्लॅग बसलेला असतो, आणि मेकफाइल कोण वाचतं?

आता पीसीआरई२. हेडर घेण्याआधी कोड युनिटची रुंदी मॅक्रोने सांगावी लागते: ८, १६ किंवा ३२. विसरलात तर हेडर स्वतःच एरर देऊन थांबवतं, ही त्याची माणुसकी. यूटीएफ-८ साठी रुंदी ८, आणि लिंक करतानाही ‘पीसीआरई२-८’ हीच लायब्ररी. मग तीन पायऱ्या: पॅटर्न कंपाइल करून कोड मिळवायचा, त्या कोडवरून मॅच डेटा (निकाल ठेवायची जागा) बनवायचा, आणि कोड, मजकूर, लांबी, सुरुवातीची जागा, फ्लॅग, मॅच डेटा नि संदर्भ (मॅच कॉन्टेक्स्ट) असे सात अर्ग्युमेंट देऊन मॅच बोलवायचं. कंपाइल फसलं तर नल मिळतो, सोबत एररचा क्रमांक आणि पॅटर्नमध्ये कुठे अडलं त्याची जागा. ही जागा बाइटमध्ये असते. मराठी पॅटर्नमध्ये ‘जागा १८’ म्हणजे अठरावं अक्षर नव्हे, बहुधा सहावं-आठवं. संदेशासाठी १२० बाइटचा बफर पुरेसा होतो.

एक ओळ जवळून बघू. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असते तशी: ‘गट क्र. २१४/३ब’. तिच्यातून गट, उपविभाग आणि मागचं अक्षर वेगळं काढायचं आहे. पॅटर्न असा:

गट क्र\. *([०-९]+)/([०-९]+)([अ-ह]?)

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘गट’ सहा, स्पेस एक, ‘क्र’ म्हणजे क, हलन्त आणि र असे नऊ, टिंब एक, स्पेस एक: अठरा झाले. पुढे ‘२१४’ चे नऊ, तिरकी रेघ एक, ‘३’ चे तीन, ‘ब’ चे तीन. सगळी ओळ ३४ बाइट. मजकूर यूटीएफ-८ मानायला सांगणारा यूटीएफ फ्लॅग देऊन कंपाइल केलं, तर मॅच ४ परत देतं (पूर्ण जुळणी अधिक तीन कंस), आणि ओव्हेक्टर नावाच्या ॲरेत जोड्या येतात:

० ते ३४, १८ ते २७, २८ ते ३१, ३१ ते ३४

पहिला आकडा सुरुवात, दुसरा शेवटाच्या एक पुढे. वजाबाकी केली की लांबी. कोणतीही स्ट्रिंग कुणी कापून दिलेली नाही, कुठे शून्य बाइट लावलेला नाही. हे मूळ मजकुरातले पत्ते आहेत. म्हणून मजकुराचा बफर फ्री करून मग तुकडे काढायला गेलात, तर पत्ते आहेत पण घर पाडलंय अशी गत. १०.३३ पासून मजकुराची प्रत मॅच डेटात ठेवायचा फ्लॅग आहे, पण सहसा बफर थोडा वेळ जिवंत ठेवणं स्वस्त पडतं. प्रिंटएफला लांबी द्यायची तर ती इंट हवी. ओव्हेक्टरचे आकडे साइझ-टी जातीचे, म्हणजे ६४ बिट मशीनवर दुप्पट रुंद. कास्ट करा.

आता यूटीएफ फ्लॅग विसरून तीच ओळ चालवू. इथे गंमत अशी की ती जुळते. फ्लॅग नसताना चौकोनी कंसातला प्रत्येक बाइट स्वतंत्र. ‘०’ म्हणजे २२४, १६५, १६६ आणि ‘९’ म्हणजे २२४, १६५, १७५. मधली रेघ शेजारच्या दोन बाइटांना जोडते: १६६ पासून २२४ पर्यंत. बाकीचे मिळून वर्ग झाला १६५ ते २२४. देवनागरी अंकांचे तिन्ही बाइट या पट्ट्यात बसतात, म्हणून ‘२१४’ बिनचूक मिळतं आणि विश्वास बसतो. दुसऱ्या कंसात ‘३’ चे तीन बाइट घेतल्यावर अधिकाची भूक संपत नाही. पुढे ‘ब’ आहे, त्याचे बाइट २२४, १६४, १७२. पहिला २२४ पट्ट्यात आहे, गिळला. १६४ बाहेर, थांबला. तिसऱ्या कंसाचा ‘[अ-ह]’ बाइटांच्या भाषेत १३३ ते २२४ झालेला, त्याने तो १६४ उचलला. उत्तर: २८ ते ३२ आणि ३२ ते ३३. परत आलेला आकडा ४ च. म्हणजे ‘ब’ चे दोन तुकडे दोन खान्यांत गेले, तिसरा ओळीतच राहिला, आणि लायब्ररीच्या मते सगळं सुरळीत. डेटाबेसमध्ये हे शिरलं की महिन्याभराने कुणाच्या तरी पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं आणि दोष फॉन्टवर जातो.

प्रश्नचिन्ह कंसाच्या आत की बाहेर, यानेही परतीचा आकडा बदलतो. ‘([अ-ह]?)’ मध्ये कंस नेहमी भाग घेतो, फार तर रिकामा, आकडा ४. ‘([अ-ह])?’ लिहिलं आणि ओळीत अक्षर नसलं, तर तिसरा कंस खेळलाच नाही. आकडा ३, आणि त्याच्या जोडीत दोन्हीकडे ‘अनसेट’, म्हणजे साइझ-टीत मावणारी सर्वांत मोठी संख्या. दोन्ही सारख्या असल्याने वजाबाकी शून्य येते, प्रिंटएफ काही छापत नाही, आणि नशिबाने चाललेला कोड बरोबर वाटतो. कधीतरी कुणी नुसती सुरुवातीची जागा इंडेक्स म्हणून वापरतो, तेव्हा सेगमेंटेशन फॉल्ट. आकडा बघा, मग अनसेट बघा, मगच मजकुराला हात लावा.

मिळालेल्या ‘२१४’ ची संख्या करायला एसटीआरटॉलकडे दिलं, तर शून्य मिळतं. त्या फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत. स्वतः करावं लागतं, आणि सोपं आहे: प्रत्येक तीन बाइटांतला तिसरा घ्या, १६६ वजा करा. हाच सापळा उलट्या बाजूनेही लागतो. ‘यूसीपी’ (युनिकोडचे गुणधर्म वापरा) हा फ्लॅग दिला की बॅकस्लॅश-डी सगळ्या लिप्यांचे अंक मानतं. पॅटर्नने ‘अंक आहे’ म्हणून पास केलेला मजकूर पुढे शून्य होऊन बाहेर पडतो. फक्त इंग्रजी अंकच हवे असतील तर चौकोनी कंसात तेवढेच लिहा, फ्लॅगच्या भरवशावर राहू नका.

बॅकस्लॅश-डब्ल्यूची (शब्दात येणारं कोणतंही चिन्ह) कथा याहून रंगतदार. यूसीपी नसताना तो मराठीचं एकही अक्षर ओळखत नाही, यूटीएफ चालू असलं तरी. यूसीपी दिल्यावर १०.४३ च्या आधीच्या आवृत्त्यांत तो अक्षरं आणि अंक मानायचा, मात्रा नाही: ‘पुणे’ मधून नुसता ‘प’ हाती यायचा. १०.४३ मध्ये त्यात जागा न घेणारी जोडचिन्हं आली. उकार, एकार, हलन्त, अनुस्वार त्यात बसतात, म्हणून ‘पुणे’ आता अख्खं येतं. पण काना, वेलांटी, ओकार, विसर्ग यांची युनिकोडमधली जात वेगळी, जागा घेणारी. त्यामुळे ‘नाशिक’ अजूनही ‘न’ वरच अडतं. पुण्यावर चाचणी करून नाशिकला पाठवलेला कोड तिथे मोडतो, असं अक्षरशः. शब्दाच्या कडेचं बॅकस्लॅश-बी याच व्याख्येवर उभं असल्याने त्याला कान्याच्या दोन्ही अंगांना कडा दिसतात. मराठी शब्द हवा असेल तर बॅकस्लॅश-पी वापरून ‘कोणतंही अक्षर’ (एल) आणि ‘कोणतंही जोडचिन्ह’ (एम) हे दोन्ही वर्ग एका चौकोनी कंसात घाला.

तेही पुरत नाही, कारण ‘दऱ्या’. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: एक, खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि मागोमाग झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे. पहिल्यातही ऱ एकसंध असेल किंवा र आणि नुक्ता असे दोन तुकडे असतील. पीसीआरई यातलं काही एकरूप करत नाही, ती कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) तुलना करते आणि मोकळी होते. एकरूप करायचं काम मॅचच्या आधी युनिकोड हाताळणाऱ्या आयसीयूसारख्या लायब्ररीकडून करून घ्यायचं. ती ऱ जोडून देईल, पण जॉइनरवाला प्रकार आपणच बदलायचा. तसाच ‘ॲ’. ‘[अ-ह]’ हा पट्टा युनिकोडमध्ये ०९०५ ते ०९३९. ‘ळ’ आत आहे, ‘ॲ’ मात्र ०९७२ वर, पार बाहेर. ‘ॲड.’ या उपाधीने सुरू होणारी वकिलांची नावं त्या पट्ट्यातून गळतात.

मोडक्या मजकुराचे उणे आकडे बहुतेक वेळा फाइलमुळे नव्हे, वाचण्याच्या रीतीमुळे येतात. एफगेट्सला २५६ चा बफर दिला तर तो २५५ बाइट आणतो. सलग देवनागरी असेल तर २५५ ला तीनने भाग जातो, ८५ चिन्हं पूर्ण. मध्ये एक स्पेस आली की गणित सरकतं: उरलेल्या २५४ मध्ये ८४ चिन्हं आणि दोन बाइट. शेवटच्या चिन्हाचा एक बाइट कमी, मॅच उणे तीन देतं. पुढच्या वाचनाची सुरुवात त्या अनाथ बाइटने, त्याचं उणे बावीस. गेटलाइन वापरा, बफर स्वतः वाढतो. तो एररच गप्प करायला ‘नो-यूटीएफ-चेक’ देणं म्हणजे तापावर थर्मामीटर फोडणं. मोडका मजकूर असताना तो फ्लॅग दिला, तर पुढे काय होईल याची लायब्ररी हमी देत नाही. त्याची खरी जागा वेगळी आहे. एकाच मोठ्या मजकुरात सगळ्या जुळण्या शोधताना प्रत्येक कॉलला उरलेला मजकूर पुन्हा तपासला जातो. पहिल्या कॉलला तपासू द्या, दुसऱ्यापासून हा फ्लॅग लावा.

सगळ्या जुळण्या शोधायचं लूप दिसतं सोपं. पॉझिक्समध्ये पॉइंटर पुढे सरकवायचा आणि ‘नॉटबीओएल’ द्यायचं, नाहीतर प्रत्येक वेळी तीच ओळीची सुरुवात वाटते. पीसीआरई२ मध्ये पॉइंटर सरकवू नका. सुरुवातीची जागा म्हणून मागचा शेवट द्या, म्हणजे मागे वळून बघणाऱ्या अटींना मागचा मजकूर दिसतो. अडचण रिकाम्या जुळणीची. ‘[०-९]*’ हा पॅटर्न ‘गट’ वर जागा ० ला जुळतो, लांबी शून्य. शेवट शून्य, पुढची सुरुवात शून्य, आणि प्रोग्राम तिथेच पिंगा घालतो. उपाय असा की रिकामी जुळणी आली तर त्याच जागेवरून ‘नॉटएम्प्टी-ॲटस्टार्ट’ आणि ‘अँकर्ड’ देऊन पुन्हा विचारायचं. नाही मिळालं तर एक चिन्ह पुढे. एक बाइट नाही, एक चिन्ह: १२८ ते १९१ मधले बाइट ओलांडत जायचं. बाइटनेच सरकलात, तर चिन्हाच्या मध्येच सुरुवात दिल्याबद्दल उणे छत्तीस मिळतं. आणि वरचा न-तपासण्याचा फ्लॅग लावलेला असेल, तर तेही मिळत नाही.

पळून जाणाऱ्या, म्हणजे पुन्हापुन्हा मागे वळून अमाप वेळ खाणाऱ्या पॅटर्नांबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या फायरवॉलमध्ये आलेल्या एका नव्या नियमाने जगभरची त्यांची यंत्रं २७ मिनिटं दमवली. त्या नियमाच्या शेपटीत ‘.*(?:.*=.*)’ होतं आणि तो चालवणारं इंजिन पीसीआरईचंच होतं. घरच्या घरी बघायचं तर ‘(क+)+$’ घ्या आणि पंचवीस ‘क’ मागे एक ‘ख’ द्या. चोवीस सांध्यांवर तोडायचं की नाही, याचे पर्याय १,६७,७७,२१६. अशा प्रयत्नांची पीसीआरई२ ची मूळ मर्यादा १ कोटी. ती ओलांडली की उणे सत्तेचाळीस. बाहेरचा मजकूर घेणाऱ्या प्रोग्राममध्ये मॅच कॉन्टेक्स्ट बनवून ही मर्यादा लाखावर आणली तरी सभ्य पॅटर्नांना सहसा कळतही नाही. हीच चाचणी ‘(क+)+ख’ ने, आणि ‘ख’ नसलेल्या छोट्या मजकुरावर केली, तर उत्तर चुटकीसरशी येतं: शेवटी लागणारा बाइट मजकुरात आहे का, हे लायब्ररी आधीच बघते. पॅटर्न मात्र तितकाच रोगट असतो. पॅटर्न वापरकर्त्याकडून येणार असेल, तर मर्यादांवर न विसंबता आरई२ सारखं मागे न वळणारं इंजिन घेणं बरं; मागच्या कंसाचा संदर्भ देणारे पॅटर्न त्यात चालत नाहीत, हा सौदा.

जेआयटी (पॅटर्नचं मशीन कोडात रूपांतर करणारी सोय) लावली की मॅच बरंच वेगवान होतं, पण कंपाइल महागतं. एकदाच चालणाऱ्या पॅटर्नला ती लावू नये. ती त्या मशीनवर उपलब्ध नसली तर एरर येतो, तो प्राणघातक मानू नका. मॅच मुकाट्याने साध्या वाटेने जातं. तिचा स्वतःचा स्टॅक ३२ किलोबाइटचा, तो संपला की उणे शेहेचाळीस. मोठा हवा तर वेगळा बनवून द्यावा लागतो, प्रत्येक थ्रेडला एक. कंपाइल केलेला कोड सगळ्या थ्रेडांत वाटून घेता येतो, मॅच डेटा नाही. आणि कंपाइल लूपच्या बाहेर. हे सांगायची गरज पडू नये, पण मंद चाललेल्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदा बघायची जागा अजूनही तीच आहे.

फ्री करायचे दोनच: कोड आणि मॅच डेटा, शिवाय बनवले असतील ते कॉन्टेक्स्ट आणि स्टॅक. पॅटर्न नुसता शब्द असेल तर एसटीआरएसटीआर पुरतं आणि यातलं काहीच करावं लागत नाही.

हे सगळं नीट बसलं का ते बघायला सहा चाचण्या फाइलमध्ये कायमच्या ठेवाव्यात. ‘गट क्र. २१४/३ब’, आकडा ४, आणि तिसऱ्या कंसाच्या जोडीची सुरुवात ३१ च. नुसता ४ तर मोडक्या कोडलाही मिळतो. प्रश्नचिन्ह कंसाबाहेर ठेवून ‘गट क्र. २१४/३’, आकडा ३. नुसतं ‘गट’, उणे एक. पहिलीच ओळ ३३ बाइटांवर कापलेली, उणे तीन. जेआयटी न लावता पंचवीस ‘क’ आणि ‘ख’ वर तो रोगट पॅटर्न, उणे सत्तेचाळीस. आणि पहिली ओळ पुन्हा, एकाच जोडीची जागा असलेल्या मॅच डेटासह: शून्य.